आधी बिनीवाला, मग तलवारबाज

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ग्वाल्हेरला भरलेल्या ऐतिहासिक छावणीच्या मेळ्याचे वर्णन आपण छायाचित्रांसह छापलेत, आनंद झाला. आम्हा बृहन्महाराष्ट्रातल्या मंडळींची आठवण एरवी गणेशोत्सवातच होते. पण पुढच्याच आठवड्यात आपल्या पत्रव्यवहारात एका वाचकाने मुक्कामाच्या गैरसोयीबद्दल बोलणाऱ्यांना जे सुनावले, ते वाचून गप्प बसवेना. त्यांचे म्हणणे असे की, मराठे घोड्याच्या पाठीवर झोपत, भाजलेली कणसे खाऊन दिवस काढत. ज्यांना गादी हवी त्यांनी हॉटेलात जावे.

मी त्या मेळ्यात मुक्कामी होतो, सोबत आमच्या सौभाग्यवती आणि नातू. शिवाय तंबू हा माझ्या पोटापाण्याचा धंदा होता. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात आमचे कनाती-शामियान्याचे दुकान वडिलांपासूनचे. आता पुतण्याने त्याचे ‘टेंट अँड इव्हेंट’ केले आहे, लोखंडी पाइप आणि झुळझुळीत सॅटिन. मी तिथे फक्त चहाच्या वेळेला जातो. तेव्हा या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे असे मी समजतो.

घोड्याच्या पाठीवर डुलकी काढणे ही धाडीवर निघालेल्या स्वाराची गोष्ट. छावणी ही निराळी चीज. छावणी म्हणजे महिनोन्‌महिने चालणारा संसार: त्यात बायका-मुले, सराफ, हलवाई, सुतार, लोहार, गोसावी, बैल, उंट, सगळे आले. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला उतरली आणि नंतर उठलीच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे झाले, बाजारच्या पालांच्या जागी पेढ्या झाल्या. आम्ही लष्करवाले त्याच तळावर राहतो. इतकी माणसे वर्षानुवर्षे कुडकुडत आणि चिखलात बसून राहिली असतील, हे पटते का? त्यांना तळावर नीट राहण्याची विद्या येत होती. आपण ती विसरलो आणि त्या विसरण्याला आता शौर्याचे नाव देतो आहोत.

मेळ्यात जे चांगले होते ते आधी सांगतो. दंडपट्ट्याचे हात पाहण्यासारखे होते. मोडीचे कागद मुलांकडून वाचून घेणारी एक ताई होती, तिच्याभोवती दिवसभर गर्दी. पिठले-भाकरी गरम मिळत होती, मुरैन्याची गजकही होती. घोडे कमी होते, पण होते ते देखणे. याविषयी तक्रार नाही.

तक्रार सूर्य मावळल्यावरची आहे. मुक्कामाची जागा नाल्याकाठच्या खोलगट भागात निवडली होती, कारण वरच्या टेकाडावरून फोटो चांगला येतो. पौषातल्या ग्वाल्हेरची थंडी ज्याला ठाऊक आहे त्याने ती जागा पाहूनच कपाळाला हात लावला असता. थंड हवा जड. रात्री ती उतारावरून खाली वाहत येते आणि खोलगटात साचून राहते. नाल्याची ओल तिच्यात मिसळली की पहाटे कोहरा, म्हणजे धुके, सगळ्यात आधी तिथे बसतो आणि सगळ्यात उशिरा तिथून उठतो. टेकाडावर पन्नास पावले वर गेले तरी फरक अंगाला कळत होता. त्यात तंबू नायलॉनचे, घुमटाकार, वरून भगवे कापड टाकून ‘ऐतिहासिक’ केलेले. नायलॉनमधून वाफ बाहेर जात नाही. आत तीन माणसे रात्रभर श्वास सोडणार, तो दमटपणा गार छताला लागून पाणी होणार आणि पहाटे थेंब-थेंब रजईवर पडणार. मंडळाचे कार्यकर्ते म्हणाले, दव आत आले. दव कुठले, तो आमचाच श्वास होता! वरच्या कापडाने तर हवेचे झरोकेही झाकून टाकले होते.

जुन्या सैन्यात हे घडले नसते, कारण जागा फोटोवाल्याने नव्हे तर बिनीवाल्याने ठरवली असती. थॉमस ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतरावांच्या छावणीबरोबर राजपुतान्यात हिंडत होता. रेसिडेंटच्या, म्हणजे शिंद्यांकडे असलेल्या इंग्रजांच्या वकिलाच्या, रक्षक तुकडीवर त्याची नेमणूक होती. मराठ्यांची टिंगल करण्यात तो कमी नाही, पण तळ कसा पडतो हे त्याने बारकाईने टिपले आहे. बिनीवाला फौजेच्या पुढे जाई. जागा पाहून महाराजांच्या देवडीसाठी लहानसे पांढरे निशाण रोवी. मग एकेका बाजाराचे निशाण येईल तसे आपापल्या ठरलेल्या जागी लागे. ही जागा रोजच्या मुक्कामात तीच, बदलायची नाही. दुकाने समोरासमोर दोन ओळींत, आणि त्यांच्यामधून छावणीच्या तोंडापासून शेवटापर्यंत एक सरळ रस्ता. म्हणजे गाव रोज नवे, पण गल्ली तीच. अंधारात उतरलेल्या माणसालासुद्धा आपला पाल कुठे, हलवाई कुठे, हे विचारावे लागत नसे. आमच्या मेळ्यात रात्री नातवाला बाहेर न्यायचे म्हणजे दोरांना अडखळत, मोबाइलच्या उजेडात, चार परक्या तंबूंची क्षमा मागत जावे लागत होते. साध्या पांढऱ्या चिंध्या दोरांना बांधल्या असत्या तरी पुष्कळ होते. आमच्या दुकानातला नवा पोऱ्यासुद्धा पहिल्या दिवशी हेच शिकतो.

मोगलांची तर याहून मोठी तयारी. बादशहाचे डेरे दोन संच असत; एक संच एक मजल पुढे जाऊन उभा राही, म्हणून बादशहा पोचे तेव्हा मुक्काम तयार. आणि माणसे किती? आमच्या इथून जवळच आंतरीला अकबराचा इतिहासकार अबुल फजल याची कबर आहे; १६०२ साली दक्षिणेतून परतताना त्याला या मुलखात मारले. त्या अबुल फजलने अकबराच्या छावणीच्या उभारणीची यादीच देऊन ठेवली आहे: एक हजार फरास (तंबू लावणारे), ५०० बेलदार, १०० भिस्ती (पखालीने पाणी वाहणारे), ५० सुतार, तंबू शिवणारे आणि मशालजी, ३० चामड्याचे काम करणारे आणि १५० झाडूवाले. शेवटचा आकडा पुन्हा वाचावा. आमच्या सौभाग्यवती मेळ्याच्या दुसऱ्या सकाळी म्हणाल्या, “शिवाजी महाराजांच्या वेषातले तिघे दिसले, झाडूवाला एक दिसला नाही.” मला हे वाक्य कार्यकर्त्यांच्या तोंडावर म्हणायचे धैर्य झाले नाही, म्हणून इथे लिहितो.

आता झोपेचे. नवख्या माणसाला वाटते थंडी वरून येते, म्हणून तो दोन रजया अंगावर घेतो आणि खाली एक पातळ चटई. थंडी जमिनीतून येते. अंगाखाली दबलेल्या कापसात हवा राहत नाही, म्हणून रजई खाली घेऊनही पुरत नाही. खाली न दबणारे काहीतरी लागते. आमचे वडील म्हणत, अंगावर एक तर अंगाखाली दोन. खाली ताडपत्री, तिच्यावर वीतभर पयाल (भाताचा पेंढा), त्यावर जाजम, मग गादी, गादीवर घोंगडी आणि मग माणूस. भाताचा पयाल डबऱ्याकडून गाडीभर आणला तर मुक्कामी मंडळींना पुरून उरला असता; डबरा-भितरवारचा सगळा पट्टा भाताचा, तिकडे कापणीनंतर पयालाला काय तोटा! गव्हाचा भुसा चालत नाही, तो घसरतो आणि नाकातोंडात जातो. हवा भरायची गादी काही जणांनी आणली होती. ती मऊ खरी, पण आतली हवा खालच्या गारव्याने गार होते आणि पाठ रात्रभर बर्फाला टेकल्यासारखी राहते. तिच्यावर जाड कांबळे टाकले तर ठीक. खाटेचेही तसेच. खाट ओलीपासून वाचवते, पण खालून वारा खेळतो. विणीवर आधी घोंगडी, मग गादी, हा क्रम सोडू नये.

आणखी एक, तरुण मंडळींसाठी. दिवसभर पट्टा फिरवून घामेजलेली बाराबंदी अंगात ठेवून झोपायचे नाही. इतिहासाचा मान म्हणून काही मुले तशीच झोपली आणि पहाटे शेकोटीपाशी दात वाजवत बसली होती. अंग कोरडे करून कोरडे सुती, वर लोकर, पायात नवे मोजे, डोक्याला कानटोपी. कानटोपी मराठेशाहीतली नाही असे कोणी म्हणाले तर म्हणू द्यावे, तंबूचे दार एकदा ओढून घेतले की आत कोण पाहतो?

मात्र एका बाबतीत मी ऐकून घेणार नाही. शेजारच्या तंबूत कोळशाची सिगडी आत घेऊन दार लावून झोपायचा बेत चालला होता. मी ती बाहेर काढायला लावली, थोडे वाजलेही. उत्तर हिंदुस्थानात दर थंडीत बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबेच्या कुटुंबे सकाळी मेलेली सापडतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोप लागलेल्या माणसाला गुदमरल्याचे कळत नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही हा समज अगदी चुकीचा. फुललेला निखाराही हा वायू सोडतो. दव पडून ओला झालेला जाड कपडा किंवा वरून टाकलेली ताडपत्री तर तंबूची हवा जवळपास बंदच करते. शिवाय खाली पयाल असेल तर एक ठिणगी पुरे. ऊब हवी तर शेकोटीत विटा तापवाव्यात, गोणपाटात गुंडाळून पायथ्याशी ठेवाव्यात. अर्धी रात्र निघते. रबरी पिशवीत गरम पाणी भरले तरी चालेल. आयोजकांनी पुढच्या वेळी प्रवेशाच्या कागदावरच मोठ्या अक्षरांत हे छापावे.

खऱ्या कापडी राहुट्या वापराव्यात, असे मी म्हटल्यावर एक कार्यकर्ता म्हणाला, “काका, त्या गळतात.” गळत नाहीत, त्यांना वागवावे लागते. जाड सुती कपडा नवा असताना दोन-तीनदा भिजवून वाळवायचा. सूत फुगते, टाक्यांची भोके बुजतात, मग पाऊस बाहेरच्या बाहेर ओघळून जातो. फक्त ओल्या छताला आतून बोट, डोके किंवा पेटी टेकवायची नाही. टेकले की तिथून पाणी झिरपायला लागते आणि ते लवकर थांबत नाही. सुती कपड्यातून वाफ बाहेर पडते, त्यामुळे आतला तो ठिबकणारा पाऊसही पडत नाही. दोर सुताचे किंवा सणाचे असतील तर ते ओले झाल्यावर आखडतात. म्हणून खलाशी, म्हणजे तंबू उभारणारा गडी, संध्याकाळी दोर थोडे सैल करतो आणि ऊन चढल्यावर पुन्हा ताणतो. सैल केले नाहीत तर दवाने आखडलेला दोर पहाटे मेख उपटतो, नाहीतर कपडा कोपऱ्यात फाडतो. आमच्याकडे एक जुना खलाशी होता, तो दोराला बोटाने टिचकी मारून नुसत्या आवाजावरून सांगे की हा एक घर सैल कर, तो राहू दे. त्याच्या हाताखाली उभ्या राहिलेल्या राहुटीच्या पाखीला सुरकुती दिसत नसे.

मेखेचेही असेच. ती सरळ ठोकायची नाही. डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलते ठेवायचे, म्हणजे दोराशी साधारण काटकोन होतो आणि ओढ जितकी वाढेल तितकी ती रुतते. आमच्याकडच्या कडक मुरमाला लोखंडी मेख, भुसभुशीत जमिनीला लांब लाकडी. मेळ्यात सगळीकडे एकाच मापाच्या बारीक तारेच्या मेखा होत्या, बऱ्याचशा उभ्या ठोकलेल्या. वारा नव्हता म्हणून निभावले. २०१६ च्या उज्जैनच्या सिंहस्थात मे महिन्यात वादळी पाऊस आला, तंबू कोसळून माणसे दगावली. त्याआधीच्या एका सिंहस्थाला आमचेही डेरे उज्जैनला गेले होते. वैशाखातली वावटळ काय करते हे मी पाहिले आहे. तेव्हा मेखांचे बोलणे कोणाला किरकोळ वाटत असेल तर वाटो.

दार शक्यतो पूर्वेला असावे. थंडीतला वारा आमच्याकडे बहुतेक पश्चिम-उत्तरेकडून, त्याला पाठ मिळते आणि सकाळचे पहिले ऊन थेट आत येते. मोठ्या झाडाखाली तंबू लावू नये. फांदी पडायची भीती, आणि दव थांबल्यावरही झाड तासभर टपकत राहते. बाभळीखाली का लावू नये हे सांगायला नको.

शौचालयाविषयी लिहायचा संकोच वाटतो, पण बायकांनी मेळ्यात पाणी पिणे सोडले होते, तेव्हा संकोच बाजूला ठेवतो. मुक्कामी माणसे शंभराच्या वर आणि फिरती शौचालये दोन, तीही नाल्याला लागून. भूकंप-पुरानंतरच्या निवारा छावण्यांसाठी जगभर स्फिअरचे मानक वापरतात. त्यात अगदी सुरुवातीच्या धावपळीत ५० माणसांमागे एक आणि थोडे स्थिरावल्यावर २० माणसांमागे एक शौचालय सांगितले आहे, पाणी माणशी रोज किमान १५ लिटर. घर गमावलेल्या माणसाला जे किमान द्यायचे, ते पैसे मोजून हौसेने आलेल्या माणसाला मिळू नये? शौचालये पाण्यापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, वाटेवर उजेड, आणि बायकांची वेगळी. पाण्यासाठी टँकर एका टोकाला उभा करून भागत नाही. छावणीत पाणी माणसापर्यंत जावे लागते. पानिपतावर जखमी होऊन पडलेल्या महादजींना राणेखान नावाच्या भिस्त्याने वाचवले, असे परंपरा सांगते. महादजींनी त्याला पुढे भावासारखे वागवले. शिंद्यांच्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात एखादा पखालवाला भूमिकेत असता आणि खरोखर पाणी वाटत फिरला असता, तर इतिहासही दिसला असता आणि हंडेही भरले असते. पण भूमिका वाटताना सगळ्यांना सरदार व्हायचे असते.

माझा भाचा पिट्सबर्गला असतो. तिकडे पेन्सिल्व्हेनियात स्लिपरी रॉकजवळ मध्ययुगीन युरोपची हौस असणाऱ्यांचा पेन्सिक वॉर नावाचा मेळा उन्हाळ्यात भरतो; तो १९७२ मध्ये सुरू झाला. हजारो माणसे दोन-दोन आठवडे तंबूत राहतात. तो एकदा मित्रांबरोबर गेला होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे जागा आधी आखलेली असते, प्रत्येक गटाला डोक्यांच्या हिशेबाने जमीन मिळते. आणि आरामाची कोणालाही लाज नसते. दोरीच्या पलंगावर चांगली जाड गादी, तिच्यावर लोकरी पांघरूण. बर्फाची प्लॅस्टिकची पेटी लाकडी खोक्यात लपवलेली. डोळ्याला दिसते ते जुन्या काळचे, पाठीला लागते ते आजचे. लोक पुन्हा पुन्हा येतात ते म्हणूनच. आमच्या मेळ्यातून मात्र पहिल्या रात्रीनंतरच किती गाड्या शहराकडे वळल्या, ते आयोजकांनी पाहिले असेल.

त्यांच्याकडे पैसे नव्हते असेही नाही. जनरेटर होता, रंगीत दिव्यांचे खांब होते, रात्री उशिरापर्यंत वाजणारे भोंगे होते. त्यातल्या एका भोंग्याच्या भाड्यात पयालाची गाडी आली असती.

म्हणून आयोजकांना माझे सांगणे एवढेच: पुढच्या वर्षी तलवारबाज ठरवण्याआधी बिनीवाला ठरवा. त्याला दसऱ्यानंतर जागा दाखवा, संध्याकाळी एकदा आणि पहाटे एकदा. तो निशाण रोवेल तिथेच देवडी आणि तिथूनच रस्ता. फोटो कुठून चांगला येतो हे नंतर पाहू. माझ्या गोदामात जुन्या जाड कपड्याच्या दुपाखी राहुट्या पडून आहेत, पुतण्या त्या भंगारात द्यायला टपला आहे. मंडळाला हव्या असतील तर भाडे घेणार नाही. दोर बांधायला आणि सैल करायला शिकवायला मी स्वतः येईन, बसायला खुर्ची द्यावी, गुडघे दुखतात. राहुट्या परत देताना उन्हात पूर्ण वाळवूनच घडी करायची; ओली घडी दोन दिवसांत बुरसते आणि तो डाग जन्मात जात नाही. मेखा मी मोजून घेईन.

आपला,
एक निवृत्त तंबूवाला
दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर